आधी नकाशा, मग रील: खानदेशातल्या छोट्या पर्यटन व्यावसायिकांनी काय, कुठून आणि कोणत्या क्रमाने शिकायचं

खानदेशात कृषी पर्यटन, होमस्टे, भरीत पार्टीचं शेत किंवा दोन गाड्यांची टूर सर्व्हिस चालवणाऱ्यांचं बहुतेक एकाच जागी चुकतं: क्रम उलटा लागतो. आधी इन्स्टाग्रामचं पान निघतं, मग रील, मग बूस्ट (पैसे भरून रील जास्त लोकांना दाखवणं). रील चालतेही. लोक म्हणतात "लोकेशन टाका", आणि टाकलेली पिन शेतावर न उघडता गावच्या ग्रामपंचायतीसमोर उघडते. दर विचारला की "या तर खरं, करू काहीतरी" असं उत्तर जातं. तेवढ्यात विचारणाऱ्याने दुसरीकडे बुकिंग केलेलं असतं. जाहिरातीचा खर्च तुमचा, गिऱ्हाईक शेजाऱ्याचं.

शिकण्यातही तीच गत. डिजिटल मार्केटिंगची चार सर्टिफिकेटं काउंटरमागे फ्रेम करून लावलेली असतात, आणि गूगलवरच्या स्वतःच्या नोंदीत फोन नंबर दोन वर्षांपूर्वीचा असतो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पहिले तीन पूर्ण होईपर्यंत जाहिरातीवर एक रुपया घालू नका.

## टप्पा १: विकायचं काय, ते एका पानावर लिहा

मोबाइल बाजूला ठेवा, वही घ्या. एका पानावर चार गोष्टी लिहायच्या: काय देता, कोणाला देता, कोणत्या महिन्यांत देता, आणि दरात काय येतं व काय येत नाही.

"निसर्गरम्य वातावरण, घरगुती जेवण" हे सगळेच लिहितात, त्यामुळे ते कोणी वाचत नाही. "यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, १५ ते ६० माणसांची भरीत पार्टी, डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी ११ ते ४" असं लिहिलं की ज्याला हवं तो थांबतो.

महिन्यांचं कॅलेंडर खानदेशाचंच असू द्या. कोकणातल्या होमस्टेचं कॅलेंडर इथे लागू पडत नाही. आपल्याकडे ढोबळ मानाने असं:

- जुलै ते सप्टेंबर: पाटणादेवी, मनुदेवी, पाल, तोरणमाळ. पाऊस, धबधबे, एका दिवसाच्या सहली.
- श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशातला देवीचा उत्सव: सुरत, पुणे, मुंबईतले खानदेशी लोक गावी येतात. घरी पाहुण्यांची गर्दी असते, त्यामुळे मुक्कामाची आणि एका जेवणाची मागणी निघते.
- दिवाळीच्या सुमारास अस्तंब्याची यात्रा. दत्तजयंतीला सारंगखेड्याचा घोडेबाजार.
- डिसेंबर-जानेवारी: भरीत. वर्षातला सगळ्यात भरवशाचा धंदा.
- होळी: अक्कलकुवा तालुक्यात काठीची राजवाडी होळी, आणि धडगाव-मोलगी परिसर.
- एप्रिल-मे: जळगाव, भुसावळचं ऊन कोणालाही विकता येत नाही. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर असल्याने तेवढं चालतं. बाकीच्यांनी हे दोन महिने शिकण्यात आणि दुरुस्त्यांत घालवावेत.

गिऱ्हाईक कोण, हेही स्पष्ट ठरवा. सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग नंदुरबार, अमळनेर, जळगावावरून जातो, आणि सुरतेत खानदेशी वस्ती मोठी आहे. मुंबईच्या अनोळखी पर्यटकाच्या मागे धावण्याआधी हा आपलाच माणूस पकडणं सोपं आणि स्वस्त आहे. अजिंठ्याला जाणारा पर्यटक वेगळा. तो जळगाव स्टेशनला उतरतो, लेणी साधारण ६० किलोमीटरवर, आणि त्याला गाडी, जेवण व एक रात्र लागते.

तपासणी: पान घरातल्या अशा माणसाला द्या ज्याचा धंद्याशी संबंध नाही. वाचून त्याने "मग माणशी किती?" असं विचारलं, तर पान अपुरं आहे.

इशारा: अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. दोन दिवसांचं पॅकेज छापताना वार न पाहणं ही दरवर्षी होणारी चूक आहे. रविवारी जळगावला मुक्काम आणि सोमवारी अजिंठा असं पॅकेज म्हणजे पैसे परत करण्याची तयारी.

कागदपत्रांचं काम याच टप्प्यात उरका. खाऊ घालत असाल तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी. कृषी पर्यटन असेल तर राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी. उद्यम नोंदणी (लघुउद्योग म्हणून नोंद) सरकारी पोर्टलवर फुकट होते, तिचे पैसे मागणारा एजंट नको. परदेशी पाहुणा मुक्कामाला ठेवलात तर २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवावी लागते (या फॉर्मला आधी फॉर्म सी म्हणत). पासपोर्टची झेरॉक्स काढून ठेवली म्हणजे काम झालं असं नाही.

## टप्पा २: शिकायचं कुठून आणि किती

इथे एकच नियम: आठवड्याला एक धडा, आणि त्याच आठवड्यात तो स्वतःच्या धंद्यावर लावायचा. लावता न आलेला धडा पुढच्या महिन्यात डोक्यातून गेलेला असतो. साधनं पुष्कळ आहेत, त्यातली कामाची निवडून सांगतो.

ईज्ञानकोश. इग्नू या मुक्त विद्यापीठाचं अभ्याससाहित्य इथे फुकट वाचायला आणि डाउनलोड करायला मिळतं. पर्यटनाच्या अभ्यासक्रमातली टीएस-१ (पर्यटनाची पायाभरणी) आणि टीएस-६ (पर्यटन विपणन) ही दोन पुस्तकं आधी उघडा. टीएस-६ मधली उदाहरणं जुनी वाटतील, आणि इंटरनेटच्या जाहिरातीसाठी ते पुस्तक उपयोगाचं नाही. पण सेवा विकणं वस्तू विकण्यापेक्षा वेगळं का, दर कसे बांधायचे, हंगाम नसताना काय करायचं, हे त्यात नीट आहे. सगळं वाचू नका, दर आणि हंगामाची प्रकरणं घ्या.

स्वयम्. केंद्र सरकारचं पोर्टल. अभ्यासक्रमाला नाव नोंदवणं आणि व्हिडिओ पाहणं फुकट. सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेची फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते. सत्रं जानेवारी आणि जुलैला सुरू होतात. इथे लोकांचं चुकतं ते असं की जुलैच्या सत्राला नाव घालतात, आणि जुलै म्हणजे आपल्याकडे पावसाळी पर्यटनाचा ऐन हंगाम. जानेवारीत भरिताची गर्दी असते, पण सत्र मेपर्यंत चालतं आणि मार्चनंतर हात मोकळे होतात. त्यामुळे खानदेशात जानेवारीचं सत्र जमतं, जुलैचं अर्ध्यात सुटतं.

गूगल स्किलशॉप. गूगलच्या जाहिराती शिकायच्या तर इथे. फुकट. परीक्षेत ८० टक्के लागतात आणि सर्टिफिकेट एक वर्ष चालतं. मात्र दहा खोल्यांच्या खालच्या माणसाला पहिल्या वर्षी याची गरज नाही.

मेटा ब्लूप्रिंट. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपसाठी. अभ्यासक्रम फुकट, प्रमाणपत्राच्या परीक्षेला पैसे. परीक्षा सोडा, व्हॉट्सॲप बिझनेस आणि मेसेज आणणाऱ्या जाहिरातींचे धडे तेवढे घ्या.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेची ऑनलाइन अकादमी. इंग्रजी बरं असेल आणि पर्यटनात पुढे नोकरी किंवा मोठा धंदा करायचा असेल त्या मुलामुलींसाठी. होमस्टेच्या मालकाला इथून लगेच हाती लागेल असं कमी.

गाइड म्हणून काम करायचं असेल तर पर्यटन मंत्रालयाचा टुरिस्ट फॅसिलिटेटरचा ऑनलाइन अभ्यासक्रम पाहा. पण ते सर्टिफिकेट म्हणजे अजिंठ्याच्या लेण्यांत गाइडिंगचा परवाना असं समजून कामाला लागू नका. तो विषय वेगळा आहे.

इशारा: "१० दिवसांत १०० बुकिंग" म्हणणाऱ्या खासगी क्लासला पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा. गूगलवर माझ्या धंद्याची नोंद व्हेरिफाय करून दाखवाल का? माझ्याच मोबाइलवर, माझ्याच खात्यातून काम शिकवाल का? क्लास संपल्यावर खात्याचा मालकी हक्क कोणाकडे राहील? तिसऱ्या प्रश्नाला जो अडखळतो त्याच्याकडे जाऊ नका. पेज आणि गूगलची नोंद क्लासवाल्याच्या ईमेलवर उघडलेली, आणि तो आता फोन उचलत नाही, ही तक्रार नेहमीची आहे.

व्हिडिओ पाहताना नेटचा त्रास असेल तर रात्री गावातल्या वायफायवर डाउनलोड करून दुसऱ्या दिवशी पाहा. आणि वही जवळ ठेवा. एका धड्यातून एकच ओळ लिहायची: "या आठवड्यात मी हे करणार."

## टप्पा ३: गूगलवरची नोंद, सावकाश आणि एकदाच

हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा, आणि सगळ्यात जास्त पैसे मिळवून देणारा. माणूस रील पाहून मोहात पडतो; निघायचं ठरलं की नकाशा उघडतो.

३.१ नाव. पाटीवर जेवढं नाव आहे तेवढंच टाका. नावाला "तोरणमाळजवळचं बेस्ट रिसॉर्ट" अशी शेपटी लावली की शोधात वर येऊ, असा समज आहे. थोडे दिवस वर येताही. मग कोणी तक्रार करतं, नोंद निलंबित होते, आणि ती परत मिळवण्यात ऐन हंगाम जातो.

३.२ प्रकार. मुख्य प्रकार एकच आणि नेमका निवडा: होमस्टे, फार्मस्टे, रेस्टॉरंट, टूर ऑपरेटर. जेवणच देत असाल आणि "हॉटेल" निवडलंत तर रात्रीच्या खोलीसाठी फोन येत राहतील. ऑफिस नसलेल्या टूरवाल्याने घरचा पत्ता लपवून फक्त सेवेचा परिसर दाखवावा.

३.३ पिन. इथेच खानदेशातली निम्मी शेतं चुकतात. पत्ता टाइप केला की पिन आपोआप गावठाणात बसते. ती हाताने ओढून शेताच्या गेटवर आणा, घरावर नाही. शेताला दोन रस्ते असतील तर चारचाकी जिकडून येते तिथे गेट धरा. मग नकाशावर गेटवर बोट दाबून धरा. खाली प्लस कोड दिसतो, अंक-अक्षरांचा छोटासा पत्ता. तो लिहून ठेवा. सर्व्हे नंबर सांगून कोणी पोहोचत नाही, प्लस कोडने पोहोचतं.

३.४ व्हेरिफिकेशन. आता बहुतेकांना व्हिडिओ काढूनच करावं लागतं. व्हिडिओ सलग हवा, तुकडे जोडलेला नको, किमान ३० सेकंदांचा. क्रम असा ठेवा: रस्त्यावरून सुरुवात करा, म्हणजे शेजारचं दुकान, मैलाचा दगड किंवा गावाची पाटी दिसेल. मग तुमच्या नावाची पाटी. मग गेटचं कुलूप स्वतःच्या किल्लीने उघडताना. मग आतल्या खोल्या किंवा स्वयंपाकघर, आणि शेवटी नोंदणीचा कागद. कोणाचे चेहरे, आधार कार्ड, बँक पासबुक दाखवू नका. तपासणीला पाच कामकाजाचे दिवस लागू शकतात.

नकार येण्याची कारणं दोनच मोठी. पाटी कापडी आणि वाऱ्यावर फडफडणारी, म्हणजे वाचता येत नाही. किंवा पाटीवरचं नाव आणि गूगलवर टाकलेलं नाव वेगळं. शेतात रेंज कमी असेल तर अपलोड मध्येच तुटतं. पहाटे, जास्त रेंजच्या सिमवर करा.

३.५ वेळ आणि फोटो. सुट्ट्यांच्या दिवशी वेगळी वेळ घालण्याची सोय आहे, ती वापरा. पहिले दहा फोटो असे: गेट बाहेरून, शेवटच्या वळणाचा रस्ता, पार्किंग, खोली, पलंग, न्हाणीघर आणि संडास, जेवायची जागा, ताट, रात्रीचा उजेड, परिसर. संडासाचा फोटो टाकायला लोक लाजतात, पण कुटुंब घेऊन येणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न तोच असतो. फोटो सकाळी ७ ते ९ किंवा ऊन उतरल्यावर काढा. दुपारच्या उन्हात खानदेशातलं हिरवं शेतही पांढरं पडतं.

तपासणी: परगावच्या एखाद्या नातेवाइकाला फक्त लिंक पाठवा, तोंडी काही सांगू नका. तो फोन न करता गेटवर आला तर टप्पा ३ झाला.

## टप्पा ४: व्हॉट्सॲप बिझनेस

वेगळं सिम घ्या. घरच्या नंबरवर धंदा चालवला की लग्नपत्रिकांच्या गर्दीत बुकिंग हरवतं. मग तीन गोष्टी भरा: कॅटलॉग (टप्पा १ चं पान, प्रत्येक पॅकेज वेगळं), तुम्ही जागेवर नसताना जाणारा मेसेज, आणि क्विक रिप्लाय (आधीच लिहून ठेवलेलं तयार उत्तर). क्विक रिप्लायचा नमुना असा:

"नमस्कार. भरीत पार्टी: मोठ्यांना ३५० रु., ५ ते १० वर्षं २०० रु., त्याखाली फुकट. किमान १५ माणसं. यात भरीत, कळण्याची पुरी, कढी, कांद्याची पात, जिलेबी. पिण्याचं पाणी आमचं. ड्रायव्हरचं जेवण आमच्याकडून. वेळ ११ ते ४. तारीख पक्की करायला ३० टक्के ॲडव्हान्स. तीन दिवस आधी रद्द केल्यास पूर्ण परत. तारीख आणि माणसं कळवा."

आकडे तुमचे घाला, पण एकही ओळ गाळू नका. ड्रायव्हरच्या जेवणाची ओळ क्षुल्लक वाटते. ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर पुढच्या वेळी गाडी कोणाच्या गेटवर उभी करतो, ते त्या ताटावर ठरतं.

नेहमीची चूक: ब्रॉडकास्ट, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना एकदम पाठवणं. एका यादीत २५६ नंबर बसतात, पण ज्याने तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यालाच मेसेज पोहोचतो. दोनशे जणांना पाठवला, उत्तर चौघांचं, म्हणजे जाहिरात वाईट होती असं नाही. बहुतेकांना मेसेज गेलाच नाही. पाहुणा निघताना "नंबर सेव्ह करा, आंब्याच्या वेळी कळवतो" असं सांगून समोरच सेव्ह करून घ्या.

## टप्पा ५: रील, आता

लोक कोणता शब्द कधी जास्त शोधतात ते गूगल ट्रेंड्सवर दिसतं, त्यावरून पुढे काय चालणार याचा अंदाज घेता येतो. भारत, मग महाराष्ट्र, मग पाच वर्षं असं निवडा आणि तोरणमाळ, अजिंठा, पाटणादेवी हे शब्द मराठीत आणि इंग्रजी स्पेलिंगने तपासा. आलेख कोणत्या आठवड्यात वर जातो ते पाहा आणि रील त्याच्या तीन आठवडे आधी टाका. तिथला १०० हा आकडा म्हणजे शंभर शोध नव्हेत. त्या काळातला सगळ्यात वरचा बिंदू १०० धरून बाकीचे मोजलेले असतात. लहान गावाचं नाव टाकलं आणि शून्य आलं, तर त्याचा अर्थ कोणी शोधत नाही असाच होत नाही, आकडा मोजण्याइतका नाही एवढंच.

रील उभी काढा, १०८० बाय १९२०. लांबी २० ते ३० सेकंद. भरीत पार्टीची एक रील शॉटप्रमाणे सांगतो:

१. पहिले दोन सेकंद: कपाशीच्या काड्यांच्या जाळावर काळी पडलेली वांगी, एकाची साल निघताना आतून येणारी वाफ. वर अक्षरं: गाव, तालुका, जळगावपासून किती किलोमीटर.
२. पुढचे चार: वांगं लाकडाने ठेचतानाचा आवाज. इथे गाणं लावू नका. तो थप-थप आवाज हेच गाणं आहे. शिवाय बिझनेस अकाउंटला प्रसिद्ध गाणी मिळत नाहीत, आणि बाहेरून जोडली तर आवाज बंद केला जाऊ शकतो.
३. पाच सेकंद: तेलात शेंगदाणे, लसूण, हिरवी मिरची, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात.
४. पाच सेकंद: पंगत. चेहरे ज्यांची परवानगी आहे त्यांचेच.
५. चार सेकंद: गेट आणि पार्किंग. हा शॉट सगळे विसरतात.
६. शेवटी दर आणि नंबर, तीन सेकंद, स्थिर.

अक्षरं अगदी खाली टाकू नका, तिथे ॲपची बटणं आणि कॅप्शन येतं. बोलायचं तर अहिराणीत बोला: "भरीत खावाले या" या तीन शब्दांवर सुरतेतला खानदेशी थांबतो, प्रमाण मराठीतल्या दहा विशेषणांवर थांबत नाही. पुण्या-मुंबईसाठी तीच रील मराठी अक्षरांसह पुन्हा टाका. कॅप्शनच्या पहिल्या ओळीत गाव आणि तालुका लिहा. हॅशटॅग तीन-चार पुरेत.

इशारा: होळीला किंवा भोंगऱ्या बाजारात आदिवासी बाया-पुरुषांचे जवळून व्हिडिओ काढून त्यावर पॅकेजचा दर चिकटवू नका. आधी विचारा, नाही म्हटलं तर कॅमेरा खाली. यावल आणि गौताळा ही अभयारण्यं आहेत, अजिंठा आणि पितळखोरा संरक्षित लेणी. तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवला तर बुकिंगऐवजी नोटीस येते. धबधब्याच्या काठावरून उडी मारतानाची रील कितीही चालली तरी टाकू नका. ती पाहून पुढचा कोणीतरी तेच करतो.

मजकूर लिहायला एआय वापरत असाल तर गावांची नावं, अंतरं आणि वार स्वतः तपासा. ते वाक्य सफाईदार लिहितं, आणि शहादा तालुक्यातलं प्रकाशा हे गाव चुकीच्या तालुक्यातही टाकतं. दुसरी बाजू अशी की पर्यटकही आता "जळगावजवळ दोन दिवस कुठे जाऊ" असं एआयलाच विचारू लागलेत. तिथे नाव यायचं तर गूगल, इन्स्टाग्राम आणि असल्यास वेबसाइट, तिन्हीकडे नाव, फोन आणि वेळ अक्षरशः सारखी ठेवा.

## टप्पा ६: ॲडव्हान्स आणि फसवणूक

क्यूआर धंद्याच्या नावाचा लावा, मुलाच्या वैयक्तिक खात्याचा नको. पैसे आले की नाही ते स्वतःच्या बँकेच्या ॲपमध्ये बघा. स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे, तो दोन मिनिटांत बनवता येतो.

एक नेहमीची फसवणूक ओळखून ठेवा. फोन येतो: "लष्करातून बोलतोय, चाळीस जवानांची पार्टी आहे, आमच्या नियमानुसार ॲडव्हान्स क्यूआरवरून येतो, स्कॅन करून पिन टाका." पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले. गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. पहिल्या तासाभरात केलेल्या तक्रारीला पैसे अडण्याची शक्यता जास्त.

## टप्पा ७: पैसे देऊन जाहिरात

रीलखालचं बूस्टचं बटण सोपं असतं म्हणून महाग पडतं. ते सहसा लाइक आणि व्ह्यू आणून देतं. तुम्हाला मेसेज हवेत. म्हणून मेटाच्या ॲड्स मॅनेजरमध्ये जाऊन व्हॉट्सॲपवर मेसेज आणणारी जाहिरात निवडा.

भाग "संपूर्ण महाराष्ट्र" ठेवू नका. भरीत पार्टीसाठी जळगाव, भुसावळ आणि भोवतीचा पट्टा. तोरणमाळसाठी शहादा, नंदुरबार, धुळे, सुरत, इंदूर. मुक्कामाच्या पॅकेजसाठी नाशिक, पुणे. रोज २०० रुपये, पाच दिवस, म्हणजे १००० रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी: ११८०. समजा ४० मेसेज आले आणि ३ बुकिंग झाली, तर एका बुकिंगला सुमारे ३९३ रुपये पडले. पंधरा माणसांच्या पार्टीला हा खर्च परवडतो. दोन माणसांच्या जेवणाला नाही.

तपासणी: जाहिरात चालू असताना फोनपाशी कोण बसणार? गुरुवार ते शनिवार संध्याकाळी उत्तर द्यायला माणूस नसेल तर जाहिरात लावू नका.

## टप्पा ८: बुकिंग साइट्स

घाईने सगळीकडे नोंद करू नका. हिशेब असा: खोलीचा दर २०००, कमिशन समजा १८ टक्के, म्हणजे ३६०. त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी, सुमारे ६५. हातात १५७५. अजिंठ्यासाठी येणाऱ्या परगावच्या आणि परदेशी पाहुण्यांसाठी हे चालतं, कारण ते तुम्हाला दुसरीकडून शोधणार नाहीत. तालुक्यातल्या गिऱ्हाइकासाठी कमिशन देण्यात अर्थ नाही. दोन साइट्सवर असाल तर एक खोली विकली की दुसरीकडे लगेच बंद करा. एकच खोली दोघांना दिली गेली तर पहिला वाईट रिव्ह्यू तिथूनच येतो.

## टप्पा ९: रिव्ह्यू

रिव्ह्यू मागण्याची वेळ म्हणजे गाडी सुरू होण्याआधीची पाच मिनिटं. क्यूआर हात धुण्याच्या जागेजवळ लावा, तिथे प्रत्येक जण उभा राहतो. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट किंवा केळीचे वेफर्स देऊ नका, ते नियमाविरुद्ध आहे. घरच्या दहा जणांनी एकाच संध्याकाळी पाच-पाच तारे दिले तर ते उडवले जातात, कधी खरे रिव्ह्यूही त्यांच्यासोबत जातात.

वाईट रिव्ह्यूला उत्तर तीन ओळींत: काय चुकलं ते मान्य, काय दुरुस्त केलं ते, आणि फोन नंबर. "तुम्हीच उशिरा आलात" हे खरं असलं तरी लिहू नका. उत्तर तो माणूस वाचत नाही, पुढचे दोनशे जण वाचतात.

## टप्पा १०: मोजणी

वहीत पाच रकाने पाडा: तारीख, माणसं, गाव, रक्कम, आणि "कुठून कळलं". शेवटचा रकाना पाहुण्याला विचारूनच भरा, अंदाजाने नको. पर्याय चार ठेवा: गूगल, इन्स्टाग्राम, ओळखीतून, ड्रायव्हर किंवा एजंट. फेब्रुवारी संपला की रकान्यांची बेरीज करा. ड्रायव्हरकडून आलेली माणसं इन्स्टाग्रामपेक्षा जास्त निघाली, तर पुढच्या डिसेंबरचे जाहिरातीचे हजार रुपये ड्रायव्हरांसाठी सावलीची शेड आणि दोन बाजा टाकण्यात घाला.